घोट्यावरच्या उंचवट्याची व्यवस्था

मी, लॉर्ना एलिना केटोला, वय त्रेपन्न, धंदा पाय-घोट्याला आधार देणारे ब्रेस बनवणे, राहणार डुलूथ, मिनेसोटा, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते की खालील मजकूर मी कोणाच्या दडपणाखाली किंवा गोडीगुलाबीला भुलून लिहिलेला नाही. गोडीगुलाबी करायला गेल्या काही वर्षांत कोणी फिरकलेलंच नाही. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप काढून तिथे दुसरी बसवणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "केटोलाबाई, आमच्यासाठी ही रोजची गोष्ट आहे." असेल. माझी पहिलीच आहे.

याआधी मी दोन मृत्युपत्रं केली होती. दोन्ही रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत. हेही रागातच लिहिते आहे, पण या खेपेस समोर वकील बसल्या आहेत आणि त्या दर तासाला बिल लावतात, त्यामुळे राग आटोपशीर आहे.

मला नवरा नाही, मूल नाही. मी काही न लिहिता गेले, तर कायद्याने सगळं माझा धाकटा भाऊ वेन केटोला याच्याकडे जातं. मृत्युपत्र करायला एवढं एक कारण पुरे होतं. दुसरं कारण बर्निस लाप्रेरी यांचा डावा पाय. तो पुढे येईल.

कलम पहिले: घर. माझं राहतं घर, मागच्या अंगणातल्या सौनासकट, म्हणजे वाफेच्या खोलीसकट, विकावं. सौनाचं दार अडकतं. घेणाऱ्याला ते आधी सांगावं, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. आलेल्या पैशातून, विमा कंपन्यांनी ज्यांना पायावर पाय टाकून "नाही" म्हटलं आहे, अशा माणसांना ब्रेस बनवून द्यावेत. ते कोणी बनवायचे ते कलम चारमध्ये आहे. चर्चच्या महिला मंडळाला या घरातलं काहीही मिळणार नाही. माझ्या आईच्या अंत्यविधीला त्यांनी पातळ कॉफी दिली होती.

कलम दुसरे: हत्यारे. वडिलांचं बुटांचं दुकान होतं. त्यांच्या रापी, हातोड्या, चामडं शिवायचं जुनं मशीन आणि तीन पायांची लोखंडी ऐरण ही सगळी वेनला. त्याने त्यातलं एकही कधी हातात धरलेलं नाही, म्हणून सगळं उत्तम स्थितीत ठेवेल. वडील त्याला म्हणायचे, "अरे, गिऱ्हाइकाशी तू बोल. बुटाशी लॉर्ना बोलेल." वाटणी चांगली होती, आम्ही ब्रेसचं दुकान काढलं तेव्हाही तीच ठेवली. तो अजून बोलतोच आहे.

कलम तिसरे: मोजे. माझे लोकरीचे सर्व मोजे, अंदाजे दोन डझन जोड, धुतलेले असोत वा नसोत, वेनलाच. कारण खाली देते. ते दिल्याशिवाय ही देणगी प्रेमाची वाटेल, आणि तसा गैरसमज मागे ठेवून मला जायचं नाही.

बर्निसबाई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. त्यांच्या पायातल्या नसा हळूहळू मरत जातात. आजार घराण्यातला आहे. पाऊल लोंबतं, घोटा बाहेरच्या अंगाला मुडपतो, आणि गुडघ्याखाली काही लागलं तर कळत नाही. त्यांचा पहिला ब्रेस दुसऱ्या कोणी बनवलेला होता. तो घालून त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "हा दिसायला छान आहे. याला कपाटात ठेवते. मला चालता येईल असा एक दे."

आठ महिने लागले. पायाला प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वाळल्या की चिरून काढायच्या, त्या पोकळीत प्लास्टर ओतायचं, म्हणजे बाईंचा पाय माझ्या टेबलावर उभा. त्याच्यावर तापलेलं प्लास्टिक ओढलं की ब्रेस. पण टेबलावरचा पाय जसाच्या तसा ठेवला तर ब्रेस पायाला फक्त झाकतो. जिथे ब्रेसने दाबायला हवं तिथे प्लास्टर खरवडायचं; जिथे लागू नये तिथे वर आणखी थापायचं, म्हणजे प्लास्टिकमध्ये तेवढी पोकळ जागा राहते. बाईंचा बाहेरचा घोटा हाडकुळा आणि तिरका आहे. सहा साचे मोडले. सातव्यात घोट्यावर अक्रोडाएवढा उंचवटा थापला, टाचेला बाहेरून धरणारी एक पाकळी काढली, आणि पाऊल उचलून धरणारी बिजागरी दोन बोटं मागे सरकवली. बाई दुकानाच्या दारापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. जमिनीकडे न बघता चालले."

या धंद्यात मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. भिंतीवर लावता येत नाही.

वेनने त्या ब्रेसची पत्रकं छापली. वर लिहिलं, "वेन केटोला यांनी घडवलेला." मी पत्रक त्याच्यासमोर धरलं.

"अगं, नावाचं काय एवढं? केटोला तर लिहिलंय ना. केटोला म्हणजे आपण दोघंही."

"मग 'वेन' खोड."

"चार हजार छापलीत, लॉर्ना."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. दुकान चालू होतं. तो पुढच्या खोलीत, मी मागच्या. मधल्या भिंतीतल्या खिडकीतून चिठ्ठ्या जायच्या. दोन वर्षं एक धंदा आम्ही चिठ्ठ्यांवर चालवला आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, किती शांत माणसं.

पुढे बाईंचा पाय बारीक झाला, नवा ब्रेस लागणार होता. मी नवा साचा केला, उंचवटा थापला. वेनने तोवर साच्याचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं यंत्र आणलं होतं. तिथून ते चित्र बाहेरच्या कारखान्यात जायचं आणि ब्रेस बनून यायचा. साच्याबरोबर मी चिठ्ठी पाठवली: "घोट्यावर जादा प्लास्टर आहे."

या धंद्यात जादा म्हणजे मुद्दाम थापलेलं. असू दे, हात लावू नको. वेन या धंद्यात तीस वर्षं आहे, पण गिऱ्हाइकांच्या बाजूने. त्याच्या डोक्यात जादा म्हणजे नको असलेलं. त्याने पडद्यावर तो उंचवटा घासून सपाट केला. त्याला तसं एक बटण आहे. कुरूप काही दिसलं की दाबायचं. मग मला चिठ्ठी आली: "जादाचं झालं." मी वाचली, बरं झालं म्हटलं, आणि खोक्यात टाकली.

पाच आठवडे बाईंचं हाड त्या सपाट प्लास्टिकवर घासत होतं आणि त्यांना कळत नव्हतं. बाईंच्या मुलीला वास आला तेव्हा कळलं. जखम चिघळून पावलात उतरली होती; करंगळी आणि तिच्या मागचा चार बोटं रुंदीचा तुकडा कापावा लागला. विमा कंपनीने खुलासा मागवला. वेनने तो लिहिला, एका ओळीत: रुग्णाने सांगितल्याप्रमाणे जाड मोजे घातले नाहीत.

बर्निसबाई उन्हाळ्यातसुद्धा दोन मोजे घालतात. हे मोजे वेनला का, ते आता स्पष्ट झालं असावं.

त्या एका ओळीमुळे कंपनीच्या कागदांवर बाई निष्काळजी आहेत, आणि निष्काळजी माणसाला कंपनी नवा ब्रेस देत नाही. गेली तीन वर्षं मी माझ्या तळघरात त्यांच्यासाठी ब्रेस बनवते. पाय दरवर्षी बदलतो, साचा दरवर्षी नवा लागतो. मंगळवारी माझं काही झालं तर तळघर बंद, आणि या गावात नोव्हेंबर ते एप्रिल पायाखाली बर्फ असतो.

कलम चौथे: आराखडा. त्या ब्रेसचा आराखडा, सातही साचे (मोडलेले सहा धरून) आणि माझ्या मोजमापांच्या वह्या पुलापलीकडे सुपिरियर गावात राहणारे हॅरल्ड ग्रोट यांना द्याव्यात. हॅरल्ड मला आवडत नाहीत. ते वीस वर्षं माझी गिऱ्हाइकं पळवत आले आहेत, बोलताना समोरच्याचे बूट बघतात, आणि त्यांची मिशी हा एक वेगळाच विषय आहे. पण नवा ब्रेस हातात आला की ते दरवेळी, न चुकता, पायाच्या हाडावर लिपस्टिक लावतात, ब्रेस चढवतात, चार पावलं चालवतात आणि काढून आत बघतात. आत लाल डाग दिसला म्हणजे तिथे लागतंय. ब्रेसवाल्यांच्या परिषदेत त्यांच्या खिशातून लिपस्टिक पडली तेव्हा सगळे हसले होते. मीही. ते खाली वाकले, उचलली, म्हणाले, "हसा. तुमच्याकडचे डाग मग माझ्याकडेच येतात बघायला."

अट एकच. साच्यावर "जादा" हा शब्द लिहू नये. "हाड आहे, जागा ठेवा" असं लिहावं. जागा कमी पडली तर अक्षर बारीक काढावं.

कलम पाचवे. हे कलम पहिल्या मसुद्यात नव्हतं.

बर्निसबाईंनी या मृत्युपत्रातून काहीही घ्यायला नकार दिला. "मला वारस करू नकोस, साक्षीदार कर," म्हणाल्या. म्हणून परवा दुपारी त्यांना मसुदा वाचायला दिला. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, मोज्यांपाशी हसल्या, आणि चष्मा काढला.

"वेन आहे," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी आहे, बटण आहे. तू कुठे आहेस यात?"

"मी मागच्या खोलीत होते."

"ते माहीत आहे मला. ब्रेस न्यायला आले तेव्हा तुझा रेडिओ ऐकू येत होता. मी वेनला विचारलं, लॉर्ना नाही का येत बघायला? तो म्हणाला, तिने पाहिलाय. आणि कागद दाखवला."

मी त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"तुझी सही बघून मी त्यात पाय घातला, पोरी. त्याची एकट्याची असती तर नसता घातला."

तेव्हा लिहून ठेवते की तो ब्रेस मी पाहिला नव्हता. खिडकीतून कागद आला, त्यावर "रुग्णाच्या पायावर बसवून तपासला" असं छापलेलं होतं, आणि मी सही केली. मधे बारा पावलांचं अंतर होतं. माझ्या ड्रॉवरमध्येही लिपस्टिक होती. पुढे वेन उभा होता म्हणून मी उठले नाही. आत नुसता अंगठा फिरवला असता तरी पोकळी नाही हे कळलं असतं. वेनला हाडातलं काही कळत नाही, मला कळतं. त्याने मोज्यांचं खोटं लिहिलं, आणि ते मी तीन वर्षं राहू दिलं, कारण मोजे खोटे ठरले की पुढचा प्रश्न सहीचा येतो.

हे मी बाईंना वाचून दाखवलं. म्हटलं, मी गेले की वकीलबाई हे उघडतील, कंपनीला पाठवतील, तुमच्या कागदांवरचा डाग जाईल.

"आणि जगलीस तर?"

मला प्रश्न कळला नाही.

"मंगळवारी तू जगलीस तर हे कुठे जाणार? ड्रॉवरमध्येच ना? म्हणजे माझा पाय ठीक व्हायला तू मरायला पाहिजेस. मी काय तुझ्यासाठी प्रार्थना करू, सांग बरं."

"बाई, माझा परवाना जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या, आणि उरलेला राय-ब्रेडचा तुकडा कॉफीत बुडवला.

वकीलबाईंचंही मत पडलं की मृत्युपत्र हे मृत्यूनंतरच लागू होतं, आणि त्या बाबतीत त्यांना काही करता येत नाही.

म्हणून कलम पाचवे मृत्युपत्रातून काढून घेण्यात येत आहे. ते वर वाचता येतं ते केवळ नोंद म्हणून. हाच मजकूर, पत्राच्या रूपात, माझ्या सहीने, आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी रजिस्टर पोस्टाने विमा कंपनीकडे आणि परवाना मंडळाकडे रवाना झाला आहे. पावत्या बर्निसबाईंकडे आहेत. मी त्या मागितल्या. त्यांनी दिल्या नाहीत.

पत्राची एक प्रत वेनला. ही देणगी आहे, आणि तिला माझ्या मरणाची अट नाही. दुकानातल्या पुढच्या खोलीच्या टेबलावर मी ती स्वतः ठेवून आले. तो म्हणाला, "अगं, पण हे काय..." पाच वर्षांत त्याने मला उद्देशून उच्चारलेले हे पहिले शब्द. मी म्हटलं, "वाच." माझेही पहिलेच. खाली त्याच्या सहीसाठी जागा सोडली आहे. करायची की नाही ते त्याने ठरवावं. न केल्यास वडिलांची हत्यारे त्याला मिळतील, मोजेही मिळतील, आणि त्याच्या नावापुढे या कागदात आणखी काही लिहिलं जाणार नाही.

वरील सर्व मी वाचलं, मला समजलं, आणि मान्य आहे.

लॉर्ना एलिना केटोला (सही)

आम्ही खाली सह्या करणारे, या बाईंनी आमच्यासमोर, शुद्धीवर असताना आणि बऱ्याच चिडलेल्या असताना, स्वतःच्या हाताने सही केली असं सांगतो. आम्हा दोघांनाही यातून काही मिळत नाही.

साक्षीदार १: अर्विड सोलेम, शेजारी. (सही) मला काहीच मिळणार नाही हे सही करायला बसल्यावर सांगण्यात आलं, याची नोंद घ्यावी.

साक्षीदार २: बर्निस लाप्रेरी. (सही) मी सही करण्याआधी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला आहे.

स्थळ: डुलूथ, मिनेसोटा
दिनांक: १५ नोव्हेंबर २०१९, शुक्रवार