चि. म्हणजे चिकन

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र नाही, याची आधी माफी मागते. कारणं द्यायला बसले तर ती सगळी खरी असतील आणि एकही पुरेसं नसेल, म्हणून सोडून देते. फोन करता आला असता. पण फोनवर तू "हं, हं" म्हणत असताना तुझं बोट कुठल्या तरी ऑनलाइन दुकानाच्या पानावरून सरकत असतं, हे मला आता ऐकू यायला लागलंय. पत्र वाचताना निदान दोन्ही हात गुंतलेले राहतील.

परवा रविवारी येऊन गेले, तेव्हा आईसमोर बोलले नाही. आता बोलते. आईच्या खोलीत बारा खोकी आहेत. पलंग आणि न्हाणीघराचं दार यांच्यामध्ये तिचा वॉकर सरळ जात नाही. तो आडवा करून, कपाट सरकवावं तसा, ढकलावा लागतो. तिच्या उजव्या गुडघ्यावर निळा डाग आहे. विचारलं तर पलंग लागला म्हणाली. पलंग चाळीस वर्षं तिथंच आहे, त्याला आत्ताच कशी दुर्बुद्धी सुचली?

वहिनी बिचारी तीन खोक्यांवर टेबलक्लॉथ घालून पाहुण्यांना ते टेबल आहे म्हणून सांगते. आणि तू मला मोठ्या अभिमानानं मोबाइलवर दुकानाची यादी लावून दाखवलीस. आधी "स्वस्त ते महाग", मग "पंचवीस वर्षं टिकणारे". वाळवलेल्या भाज्या, दूध पावडर, सूपची पाकिटं. एका डब्याला पाच तारे देऊन कुणीतरी लिहिलं होतं, की डबा उत्तम आहे, अजून उघडलेला नाही. अशा विद्वानांच्या भरवशावर तू घर भरतो आहेस. पंचवीस वर्षांनी तू चौऱ्याऐंशीचा होशील, दादा. तेव्हा त्या भाज्या टिकल्या असतील, दातांचं काय?

गेल्या वर्षी चार दिवस आपल्या दोन घरांमधला पूल बंद होता, तेव्हा मी इकडे एकटीनं टोस्ट आणि चहावर काढलेच की. त्याचा कुणी सोहळा केला नाही.

तेवीस तारखेच्या रविवारी मी येईन. तोवर खोकी हलली नाहीत तर आईला माझ्याकडे घेऊन जाईन. हे वाक्य आधी डायरीत लिहून पाहिलं. तिथंही कडूच वाटलं, पण चूक वाटलं नाही.

लोभ आहे तसा राहू दे. त्याला तरी खोकं लागत नाही.

तुझी,
टाचणी

*

८ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चार पानांत कामाचं वाक्य एकच, आईच्या गुडघ्याचं. ते ध्यानात घेतलं. बाकीचं वहिनीनं मोठ्यानं वाचून करमणूक करून घेतली.

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. अडकलेला माणूस बाहेर काढला की पहिलं वाक्य ठरलेलं, "असं होईल वाटलं नव्हतं." प्रोफेसर असो की दूधवाला. शिकलेले जरा जास्त वेळ म्हणतात, एवढाच फरक. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे दहा किलो दूध पावडर मागितली, तर त्यानं हसून विचारलं, घरात लग्न आहे का. ऑनलाइन दुकान हसत नाही. म्हणून तिथं घेतो.

आईला तू नेणार म्हणतेस. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. तिला वर चढवणार कशी, दोरीनं? दर गुरुवारी मी तुझ्याच बाजूच्या इमारतींत असतो, म्हणून तुझा जिना पायांना पाठ आहे. पन्नास पायऱ्या, तिसरीची कड फुटलेली.

आणि चार दिवस टोस्टवर काढलेस, हे सांगायची गोष्ट नाही. लपवायची आहे.

लोभ आहे. वाढवायला सध्या घरात जागा नाही.

तुझा,
दादा

*

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, याचं आश्चर्य वाटलं. खोक्यांवर मात्र तू भाषेची अब्रू घेतली आहेस.

माझा धंदाच मुद्रितं तपासण्याचा. डोळ्यांना दुसरं काही येत नाही, म्हणून रविवारी आईशी बोलता बोलता तुझ्या मार्करची अक्षरं वाचून काढली. तीन खोक्यांवर "ती.". तिखटातला ति ऱ्हस्व असतो, दादा. आणि खोकल्याच्या बाईच्या उशाशी तीन खोकी तिखट कशाला? दोन खोक्यांवर "व.". वाटाण्याचा काना तू गाळलास. दोनांवर "मी". म्हणजे दोन खोकी मीठ, कुणाला खारवायचा बेत आहे? मिठातला मी तेवढा दीर्घ आणि बरोबर आहे, त्याचा एक गुण देते.

उरलेली पाच "चि.". म्हणजे चिकन. बारातली पाच, सर्वांत जास्त. मी मांस सोडून अठरा वर्षं झाली, हे तुला माहीत आहे. तेव्हा तुझा हिशेब कळला. जगबुडी येईल तेव्हा तुम्ही तिघं चिकन खात बसाल. त्या यादीत मी धरलेलीच नाही.

हे लिहिताना स्वतःला विचारलं, की मला नक्की राग कशाचा आलाय, आईच्या गुडघ्याचा की यादीचा? प्रामाणिक उत्तर मला शोभणारं नाही, म्हणून देत नाही. तेवीस तारीख पक्की.

लोभ असेल तर असो, नसेल तर तसं खोक्यावर लिही.

टाचणी

*

१७ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

हात थरथरतो, म्हणून सूनबाईला सांगून लिहवते आहे. ती मध्ये मध्ये हसते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुम्हा दोघा शहाण्यांनी माझी वाटणी परस्पर चालवली आहे. एकाला वाटतं मी गोदामाची राखणदार, दुसरीला वाटतं मी न्यायचं सामान. मला कुणी विचारलं नाही. मी तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येणार नाही. एकदा चढले की उतरेन ती चौघांच्या खांद्यावरच. इथंही अशी राहणार नाही. मला न्हाणीघरापर्यंत सरळ चालायचं आहे. या वयात माझी मागणी एवढीच उरली आहे आणि तुम्हा दोन पदवीधर-कारागिरांना ती जमत नाही.

दादाला म्हटलं, तिला सांगून टाक. तो म्हणतो, तिला वाचता येतं, वाचेल. तू पण त्याचीच बहीण. लोकांचे पूर्णविराम मोजून पोट भरतेस ना? मग माझ्या या पत्राची पहिली ओळ पुन्हा वाच आणि शुद्धलेखनाची वही मिट.

रविवारी ये. दोन हात रिकामे ठेवून ये.

तुझी,
आई

*

२४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पहिल्या ओळीत ती मला अक्कल शिकवते आहे एवढंच दिसलं. दुसऱ्यांच्या पुस्तकांत हरवलेला स्वल्पविराम शोधण्याचा मला पगार मिळतो. चाळीस वर्षं माझ्या नावाआधी लिहिलं जाणारं अक्षर मला ओळखता आलं नाही. तुच्छतेचं सगळं सामान तुझ्यासाठी जमवलं होतं, आता ते घरीच वापरावं लागणार.

काल तू मुद्दाम बाहेर गेलास, हे कळलं. तू असतास तर मी "चि." उघडलं नसतं. आईसमोर चिकन बाहेर काढून तुझी फजिती करायची, एवढ्याच हेतूनं चिकटपट्टी कापली. आत भाज्या, मसूर, दूध पावडर, मला लागतो तसला बिनसाखरेचा कोको आणि वाचायचा एक चष्मा. झाकणाच्या आत तुझ्या अक्षरात: शेंगदाणे नाहीत, दोनदा पाहिलं. मांस नाही. टोस्ट अजिबात नाही.

आई म्हणाली, "पाचही उघड. पाचही तशीच आहेत."

मग ती वहिनीला म्हणाली, की हिचा चेहरा बघ, चूक सापडली नाही की हिचा असाच होतो.

पण चूक सापडली, दादा. मी सगळी लेबलं वाचली. दुसऱ्या खोक्यातल्या सूपमध्ये, नखाएवढ्या अक्षरांत, मला सोसत नाही ते शेंगदाण्याचं तेल आहे. तू दोनदा पाहिलंस, पण ते छापलंय पाकिटाच्या दुमडीखाली. तिथं फक्त माझ्यासारखी कुजकी माणसं बघतात. सहा पाकिटं वहिनीच्या "व." मध्ये टाकली.

दुसरी चूक मोठी आहे. पूल बंद झाला तर मी या बाजूला असणार आणि माझी पाच खोकी त्या बाजूला. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला वर आणि खाली कळतं, अलीकडे आणि पलीकडे कळत नाही. तू परत आल्यावर हे तोंडावर सांगितलं, तेव्हा तू सरळ खोकं उचललंस. चार खोकी, पन्नास पायऱ्या, तिसरीवर तू न बघता पाय लांब टाकलास. एक तिथंच राहू दे. मी कधी त्या बाजूला अडकलेच तर.

वहिनीचा आज सकाळी फोन होता. आई पलंगापासून न्हाणीघरापर्यंत वॉकर सरळ घेऊन गेली, परत आली आणि आणखी एकदा उगाचच गेली.

तुझ्या पंचवीस वर्षांच्या भाज्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. आज एक पाकीट शिजवलं. भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. दुकानाच्या पानावर एक तारा देऊन तसं लिहिलंय, तू वाचशीलच. पण लिहून झाल्यावर कोपऱ्यातल्या त्या चार खोक्यांकडे बघत बसले, आणि मनात आलं, की गुरुवारी तू या बाजूला असतोस. कुणाच्या तरी लिफ्टच्या टपावर, डब्यात दोन पोळ्या. आणि पूल वार बघून बंद होत नाही.

लोभाची अंतिम तारीख तू कुठंच छापलेली नाहीस. मी दुमडीखालीही पाहिलं.

तुझी,
चि. टाचणी

ता. क. उद्याचं काम: माळ्यावरचं रिकामं खोकं खाली काढून त्यावर "ती." लिहिणे.