शेजारच्या सीटवरून

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तीर्थस्वरूप लिहिलं की 'मला म्हातारी करू नकोस' म्हणून डाफरतेस, म्हणून नुसतं प्रिय. नमस्कार मात्र वाकून. भाऊजींचा गुडघा काय म्हणतोय?

मी मजेत. सकाळी बागेत झपझप चालतो, मग दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. काल एक निवृत्त हेडमास्तर शिकायला आले. गिअर पडेना, तर गाडीलाच रागावले. मी शेजारच्या सीटवर हसू दाबत बसलो होतो. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो ना, त्याच्याच जिवावर माझी नोकरी टिकून आहे.

गुरुवारी हॉस्पिटलात जाणंही चालू आहे. किडनी बदलायला आलेल्यांशी बोलतो. डॉक्टर आकडे सांगतात, मी बाकीचं सांगतो. तोंड सुजतं, हात थरथरतात, आणि घरी गेल्यावर लोक काचेच्या भांड्यासारखं जपायला लागतात, त्याचा फार जाच होतो. शर्ट वर करून व्रण दाखवला की घाबरलेला माणूस जरा सैलावतो. मग त्यांची माणसं डबे घेऊन येतात, गप्पा रंगतात, आणि मी निघतो. घरी कुलूप उघडताना उगाच किल्ल्या वाजवतो. ही गेल्यापासून आत कोणी नाही हे ठाऊक असूनही.

त्या पेशंटांपैकी एक मुलगी आता माझ्याकडे गाडी शिकते. शाळेत चित्रकला शिकवते. तिला आईची किडनी मिळालीय. घराबाहेर पडायलाच घाबरायची, मीच मागे लागून स्टिअरिंगवर बसवलं. हात छान बसलाय. परवा रिकाम्या रस्त्यावरून झकास चालली होती, आणि समोर बघतच तिने विचारलं, "काका, आईची ही किडनी पुढे कधी बंद पडली, तर आईला कोणत्या तोंडाने सांगायचं?"

मी करकचून ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी बंद. ती म्हणाली, "काका, समोर तर कुणीच नव्हतं."

ताई, जे तुला सांगायला हवं होतं, ते मी तिला सांगून बसलो. "माझीच बंद पडत आलीय गं, आणि मलाही ते सांगायला जमलेलं नाही." तिने गाडी पुन्हा सुरू करून कडेला घेतली, इंडिकेटर न विसरता. मग ती म्हणाली, "माझ्या आईला तर मी लपवलं याचंच जास्त लागेल."

मागच्या फोनवर तू मला दिलेल्या किडनीबद्दल नेहमीसारखं विचारलंस, "सासरी पाठवलेली माझी लेक नांदतेय ना?" आणि मी म्हणालो, "एकदम झोकात." ते खोटं होतं. रक्तातलं क्रिएटिनिन चढतच चाललंय. औषधं बदलून पाहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही महिन्यांत डायलिसिस सुरू करावं लागेल. माझ्याकडून हयगय झालेली नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तरी अपराधी वाटायचं ते वाटतंच. माझ्यासाठी तू पोट चिरून घेतलंस, सासूबाईंचा अबोला सोसलास, आणि मला तेवढंही सांभाळता आलं नाही, असं मनात येत राहतं. भाचीच्या कानावर घालू नकोस. ती लगेच स्वतःची द्यायला निघेल, आणि मला ते नकोय.

गाडी शिकवणं सोडणार नाही, गुरुवारही सोडणार नाही. फक्त आता त्या लोकांच्या रांगेत मीही बसेन.

फोनवर बोललो असतो तर तू धीर देत राहिली असतीस आणि मी हो हो करत. म्हणून पत्र. वाचून तुला रडू येईल. स्वयंपाकघरात तोंड लपवून रडू नकोस, भाऊजींच्या समोर रड. एकट्याने रडून मी पाहिलंय, त्यात काही राम नाही. मग जमलं तर इकडे ये. काही आणू नकोस, काही देऊ नकोस. नुसती ये.

तू दिलेली वर्षं भरभरून जगलेला,
तुझा धाकटा