पाकिटावरची आई

नाशिक,
१६ ऑक्टोबर १९८६

प्रिय निवृत्ती,

परवा तू मुंबईला गेला होतास, म्हणून आपली चुकामूक झाली. झाली ते बरंच झालं. समोर असतास तर वीस मुलांदेखत मी तुला काय बोलले असते कोण जाणे. दोन दिवस झाले, अजून राग उतरलेला नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं तर बाई म्हाताऱ्या झाल्या असं समजू नकोस.

कॉलेजच्या यंदाच्या उद्योजकता वर्गाची मुलं घेऊन मी अंबडला तुझ्या कारखान्यावर आले होते. येताना बसमध्ये त्यांना तुझीच गोष्ट सांगितली. दर वर्षी सांगते. चांदवडजवळच्या बौद्धवाड्यातला एक मुलगा एकोणऐंशी साली माझ्या वर्गात आला, आईच्या हातचा काळा मसाला घेऊन नाशकात दुकानोदुकानी फिरला. पुड्यांवर शिक्का होता, ‘भिमाबाईंचा काळा मसाला’. दुकानदार चव घेऊन बोटं चाटायचे, मग आडनाव विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुड्या परत. मग मी जरा ऐटीत सांगते, की बाईंनी त्याला म्हटलं, गिऱ्हाईक बदलता येत नाही, तू पाकीट बदल. आणि भिमाबाईंच्या नावाच्या जागी माझ्याच आईचा, यशोदाबाईंचा, नऊवारीतला फोटो छापायला दिला. जन्मभर परक्या घरचं पाणी न प्यालेली माझी आई तुझ्या आईच्या मसाल्यावर जाऊन बसली, याची मला तेव्हा केवढी गंमत वाटली होती. धंद्यात भावना आणायची नाही, हे वाक्य तर मी फळ्यावर लिहून देत असे. तू वहीत उतरवून त्याखाली रेघसुद्धा मारली होतीस.

तुझ्या मॅनेजरने, रंगनाथने, आम्हाला आधी ऑफिसात नेलं. भिंतीवर माझी आई. मोठी चौकट, दसऱ्याचा झेंडूचा हार, खाली उदबत्ती. मला वाटलं, पोरगा किती जाणीव ठेवून आहे. तेवढ्यात रंगनाथ मुलांना म्हणाला, “या आमच्या मालकांच्या मातोश्री. त्यांच्याच हातची ही चव. आता हयात नाहीत.” मुलांनी हात जोडले. मी माझ्या स्वतःच्या आईसमोर उभी. आधी वाटलं, हा बिचारा फोटोवरून गोंधळला असेल, पण भिमाबाई गेल्या हे खरं असणार, आणि तू मला कळवलंही नाहीस. डोळे भरून आले. मुलांना वाटलं, बाईंना उदबत्तीचा धूर लागला.

मग भट्टीकडे गेलो. मिरच्या भाजायला घेतलेल्या, सगळे खोकत होते. आणि त्या धुरात नाकाला पदर लावून दगडफूल परतत उभ्या होत्या भिमाबाई. जित्याजागत्या. कपाळावरच्या गोंदणावरून ओळखलं मी. एकोणऐंशी साली डबा घेऊन माझ्या घरी आल्या होत्या, तेव्हा त्यांचा हात धरून मी त्यांना आत नेलं होतं. माझ्या एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं, मावशी, हा मसाला तुम्हाला कोणी शिकवला? मान वर न करता त्या म्हणाल्या, “मालकाच्या आईनं.” मी तिथल्याच धने भरलेल्या पोत्यावर बसले.

मुलांना रंगनाथबरोबर चहाला पाठवलं आणि त्यांच्याजवळ गेले. त्यांनी तुझ्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. म्हणाल्या, पहिल्यांदा खोटं मीच बोलले. चार वर्षांपूर्वी धुळ्याकडचा कुणी मोठा व्यापारी आला होता, फोटो बघून तुला म्हणाला, आई का? तू गप्प राहिलास. तुझी अडचण ओळखून त्यांनीच मागून सांगितलं, हो, मालकाची आई, देवाघरी गेल्या. तुला हे आठवत असेल. त्या दिवशी तू गप्प राहिलास ते समजू शकते मी. पण निवृत्ती, चार वर्षं? कामगार त्यांना मावशी म्हणतात, मागच्या फाटकाने त्या येतात-जातात, आणि फोटोला हार तू घालतोस. मी रागाने काहीबाही बोलायला लागले, तर मलाच समजावत म्हणाल्या, “रोज सकाळी पोरगा फोटोच्या पाया पडतो. मी हितूनच आशीर्वाद देते. पोहोचतो की त्याला.”

मला तुझा भयंकर राग आला, आणि तेवढ्यात फळ्यावरचं ते वाक्य आठवलं. करायला गेले गणपती, झाला मारुती. ज्यांनी पुड्या परत केल्या त्यांना मी एका शब्दाने बोलले नाही. लेकराच्या आईचं नाव पुसलं आणि त्याला शहाणपण म्हटलं, वर सात वर्षं टाळ्या घेतल्या. तू माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी, शिकवलं ते पुरतं शिकलास. यापुढे तुझी गोष्ट मी वर्गात सांगणार नाही. सांगितलीच, तर पूर्ण सांगेन.

माझ्या आईचा फोटो भिंतीवरून उतरवून घरी आणला आहे. रंगनाथला रागावू नकोस, त्याने अडवायचा प्रयत्न केला. काल भिमाबाईंना रविवार कारंजावरच्या स्टुडिओत घेऊन गेले. नवं लुगडं नेसून आल्या होत्या, कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून बसल्या. पावती करताना फोटोवाल्याने नाव विचारलं. त्या म्हणाल्या, “मालकांना इचारून सांगते.” म्हणून हे पत्र. पावतीवरची जागा कोरी ठेवायला सांगितली आहे. शनिवारी फोटो मिळेल. त्यांना बरोबर घेऊन तू स्वतः जा, आणि त्यांच्यासमोर त्यांचं नाव सांग.

तुझीच,
गायधनी बाई