अठ्ठ्याहत्तर टक्के

४ ऑगस्ट

मुंगीने आज तिसऱ्यांदा विचारलं — "विषय ठरला का गं?" एकदा विचारलं तर चौकशी. तिसऱ्यांदा? मी म्हटलं, "बघतेय अजून." साफ खोटं. ठरलाय! दुरुस्तीच्या छोट्या दुकानावर गिऱ्हाईक विश्वास का ठेवतं, आणि तो विश्वास मोजायचा कसा.

मुंगी म्हणजे माझ्या खोलीतली जोडीदारीण. सतत काहीतरी वाहून आणत असते — पुस्तकं, झेरॉक्स, दुसऱ्यांची कामं — म्हणून मुंगी. आमच्या व्यवस्थापन विभागात संशोधनाची जागा यंदा एकच, आणि अर्ज दोघींचा. सर म्हणाले, "प्रपोजल जिचं चांगलं, तिची जागा." मला नाही मिळाली तर पुन्हा विमा कंपनीत फोनवर "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणत बसायचं. तिथे परत नाही जायचं. नाहीच!

७ ऑगस्ट

सरांनी उद्दिष्टांवर लाल रेघा ओढल्या. "नऊ? तीन कर. आणि आधी प्रश्न, मग पद्धत. तू आधी तक्ता आखतेस आणि मग त्यात भरायला काही मिळतंय का ते शोधतेस." खरं आहे, म्हणून जास्त लागलं.

बाहेर आले तर दाराशी मुंगी. किती वेळ उभी होती?

९ ऑगस्ट

पहिला मसुदा ग्रंथालयाच्या संगणकावर टाकून पाहिला. आपला मजकूर दुसऱ्या कुणाच्या लिखाणाशी किती जुळतो, ते तो सांगतो. चार टक्के! ग्रंथपालबाई पलीकडून म्हणाल्या, "खालच्या चौकटी वाचून मग बटण दाब हं." तेवढा वेळ कुणाला आहे.

१२ ऑगस्ट

बाबांच्या दुकानात तीस प्रश्नावल्या ठेवून आले होते. आठ दिवसांत भरल्या गेल्या चार! बाबा फोनवर म्हणाले, "अगं, लोक पंखा न्यायला येतात, परीक्षा द्यायला नाही." तीस झाल्या नाहीत तर प्रपोजलला आधारच नाही.

बाबांची रीत हाच तर माझ्या विषयाचा कणा. मिक्सर असो की पंखा, गिऱ्हाइकासमोर खोलायचा, आणि बदललेला जुना भाग पुडीत बांधून त्याच्याच हातात द्यायचा. "खोलून बघितल्याशिवाय कशावर बोट ठेवायचं नाही," हे तर लहानपणापासून ऐकतेय.

सगळं मुंगीसमोर बोलून गेले. रडलेही. नको होतं बोलायला. त्यात आज माझी इस्त्रीही जळाली. दिवसच वाईट.

१८ ऑगस्ट

बाबांचा फोन. "तुझी ती मैत्रीण काल आली होती, इस्त्री घेऊन. गुणाची पोर आहे. गिऱ्हाइकांशी बोलत दिवसभर बसली होती."

दिवसभर! एका इस्त्रीसाठी दीड तास बसचे धक्के खात! इथे कोपऱ्यावर दुरुस्तीवाला मेलाय का? मुंगीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल कुठे होतीस गं?" तर म्हणे, "होती जरा कामं." नजर पुस्तकात. कुठेतरी पाणी मुरतंय.

आजपासून मसुदा कुलपात.

२० ऑगस्ट

बाबांकडून तीसच्या तीस प्रश्नावल्या आल्या! पण आनंद दहा मिनिटं टिकला. शेवटच्या सव्वीसांवर शाई एकच, खुणा एकसारख्या. वयाच्या रकान्यात जिथे जिथे इंग्रजी सात आहे, तिथे त्याला मधोमध आडवी रेघ. बाबांनीच बसून भरल्या की काय? विचारलं तर हसले. "प्रत्येक गिऱ्हाइकाने स्वतः सांगितलंय. तू आकडे मोज."

आता बापावरही संशय! लाज वाटली. मोजले आकडे.

२४ ऑगस्ट

पक्की प्रत ग्रंथालयात टाकली. अठ्ठ्याहत्तर टक्के!! पहिल्याच पानावर — "विद्यार्थ्याचे काम, याच संस्थेत जमा." याच संस्थेत. आणखी कोण असणार? दाराशी कोण उभं होतं? दुकानात कोण जाऊन बसलं होतं?

तडक सरांकडे. लेखी तक्रार. सर म्हणाले, "विचार कर. चौकशी लागली की ती संपेपर्यंत दोन्ही अर्ज बाजूला पडतील. मुदत सत्तावीसला संपते. पूर्ण अहवाल पाहिलास?"

"पाहिला," म्हटलं. पहिलं पान पाहिलं होतं. तेही पाहणंच.

२५ ऑगस्ट

मुंगी पलंगाच्या कडेला बसून होती. "तुला खरंच असं वाटतं?"

"चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हटलं. हेच शब्द.

"माझा विषय कारखान्यातल्या पाळ्यांवर आहे. तुला पहिल्या दिवशीच सांगितला होता."

"मग दाखव मसुदा."

ती कडेवरून उठली. मग म्हणाली, "काल मागितला असतास तर दाखवला असता. आता नाही."

निरपराध माणूस असं बोलतं का?

२७ ऑगस्ट

मुंगीने अर्ज मागे घेतला! सरांनी सांगितलं, "ती म्हणाली, चौकशीत दोघींचं वर्ष कशाला जायला हवं, एकीचं तरी वाचू दे. तुझा अर्ज पुढे पाठवतोय. पूर्ण अहवाल मात्र ग्रंथालयाकडून मागवलाय."

मागवा की! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. जिंकले.

जेवण गेलं नाही.

२९ ऑगस्ट

मुंगी सामान घेऊन गेली. मी वर्गात असताना. कपाटावर माझी इस्त्री, दुरुस्त झालेली. शेजारी पुडीत जळकी वायर बांधून ठेवलेली. म्हणजे दुकानात नेली ती माझीच इस्त्री.

मग? इस्त्री दुरुस्त करून आणणारी मसुदा चोरत नाही, असं कुठे लिहिलंय!

पुडी टाकून द्यायला उचलली. ठेवली परत.

३१ ऑगस्ट

पूर्ण अहवाल आला. दुसऱ्या पानावर, मजकूर ज्याच्याशी जुळला त्या विद्यार्थ्याचं नाव होतं. माझं. नऊ ऑगस्टचा माझाच मसुदा. "जतन करू नये" या चौकटीत खूण करायची असते. मी केली नव्हती, म्हणून तो तिथेच राहिला आणि मी माझ्याशीच जुळले.

सरांच्या टेबलावर मुंगीचं माघारीचं पत्र होतं. तारखेतल्या सातला मधोमध आडवी रेघ. तिथूनच बाबांना फोन लावला. "तिनेच एकेकाला विचारून लिहून घेतल्या गं. सांगू नका म्हणाली, तुला ओशाळं वाटेल म्हणून."

फोन ठेवला तेव्हा सर म्हणाले, "अभिनंदन. जागा तुझी."