ग्रीस मुक्ताच्या नावावर

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

हो म्हणून बसलो!

सकाळी चंद्रशेखर साहेबांचा फोन. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सचिव. बँकेत मॅनेजर होते, आवाज अजून केबिनमधलाच आहे. "वामनराव, ग्रीसचं काय करायचं?"

मंडळात दर फेब्रुवारीत स्टीलच्या डब्यात देशांच्या चिठ्ठ्या टाकतात. ज्याला जो देश येईल त्यानं त्याचं राजकारण आणि शेजाऱ्यांशी संबंध यावर वीस मिनिटं बोलायचं. गेल्या वर्षी मुक्ताला, माझ्या बायकोला, ग्रीस आला होता. केवढी खूश होती! शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेली बाई. २८ जूनला तिचं व्याख्यान होतं. १९ जूनला ती गेली.

साहेब म्हणाले, "आता नवीन चिठ्ठ्या निघणार. ३१ तारखेचा शनिवार शेवटचा. ग्रीस राहिला तर रजिस्टरात मुक्ताबाईंच्या नावावर रेघ मारावी लागेल. नियम आहे हो, माझा इलाज नाही. की तुम्ही बोलता?"

फोन लवकर संपावा म्हणून मी नेहमीच "हो हो, बरं बरं" म्हणतो. तसंच म्हणालो. ठेवल्यावर कळलं काय केलं ते.

जन्मभर लोकांच्या दारात पाण्याचे मीटर वाचले. नोकरीत कुणाशी दोन वाक्यांच्या वर बोललो नाही. मी आणि व्याख्यान!

पण तिच्या नावावर रेघ नको.

बुधवार, ७ जानेवारी

कपाटात तिची वही सापडली. अकरा पानं लिहिलेली. शाळेतल्या फळ्यावरचं अक्षर. पाच मिनिटं नुसतं अक्षरच बघत होतो. मग वाचायला लागलो आणि जेवायचं राहिलं.

ग्रीसला हजारो बेटं. माणसं राहतात अशी सव्वादोनशेच्या आसपास. त्यातली कितीतरी तुर्कस्तानच्या किनाऱ्याला चिकटून. कास्तेलोरिझो नावाचं एक आहे – तुर्कस्तानपासून दोन किलोमीटर! म्हणजे आमच्या कामोठ्यातून मानसरोवर स्टेशन. आणि राजधानी अथेन्स पाच-सहाशे किलोमीटर लांब. समुद्र कुणाचा, वरचं आकाश कुणाचं, तळाचा गॅस कुणाचा – सगळ्यावर वाद. आणि दोघंही १९५२ पासून नाटोत. एकाच लष्करी संघात! मुक्तानं समासात लिहिलंय – "एकाच सोसायटीत, पण लिफ्टमध्ये बोलत नाहीत."

एकटाच हसलो. घरात आवाज मोठा वाटला.

शुक्रवार, ९ जानेवारी

बातमी बागेत पोचली. धनाजी – पूर्वी मार्केटमध्ये कांद्याचा व्यापारी, आता आमच्या बाकावरचा मुख्य माणूस – मोठ्यानं म्हणाला, "वामनराव बोलणार? दहा वर्षांत चारदा आवाज ऐकलाय तुमचा. त्यातला दोनदा खोकला होता!"

सगळे हसले. मी पण. उत्तर घरी आल्यावर सुचलं. नेहमीचंच.

शनिवार, १० जानेवारी

वही अर्ध्यात तुटते. शेवटच्या पानावर – "आता खरा प्रश्न. इतकी भांडणं, दोन्हीकडे इतकी विमानं, जहाजं. मग लढाई होत का नाही?" खाली एक ओळ – "पुढचं पुतळाकडे."

पुतळा मुक्ताची धाकटी बहीण. घणसोली गावात राहते. आम्ही सहा महिने एकमेकांशी बोललेलो नाही.

तेराव्याला, सगळं गोत जमलेलं असताना, ती उभी राहून म्हणाली होती – "भावजी, तुमी उशीर केलाव. आठ दिस आधी दवाखान्यात नेली असती तर ताई आज हिथं असती." उशीर झाला हे खरं आहे. का झाला ते मला माहीत आहे. शब्द दिला होता, म्हणून तेव्हा तोंड उघडलं नाही. इथंही लिहीत नाही.

पुतळाकडे जाणार नाही. उरलेलं मीच शोधेन.

सोमवार, १२ जानेवारी

दोन दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघतोय. एक माणूस हिंदीत ओरडतो, मागे लाल बाण फिरतात. प्रत्येक व्हिडिओत उद्या महायुद्ध! तारीख बघितली तर तीन वर्षांपूर्वीची. म्हणजे झालं नाही. का नाही झालं ते तो सांगत नाही. मुक्ताचा प्रश्न बरोबर होता.

एक मात्र मजेदार कळलं. १९९६ मध्ये दोघे युद्धाच्या दारात गेले होते – दोन निर्मनुष्य खडकांवरून! वस्ती म्हणजे बकऱ्या. दोन्हीकडच्यांनी झेंडे रोवले, जहाजं आणली. ग्रीसचं हेलिकॉप्टर पडलं, तीन अधिकारी गेले. शेवटी मध्यस्थी झाली आणि दोघं मागे सरले. खडक कुणाचे ते अजून ठरलेलं नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. यंदा आम्हाला सण नाही. शेजारच्या उज्वलाबाईंनी दारातूनच विचारलं, "भाऊ, ग्रीस कुठवर आला?" म्हटलं, अर्ध्यावर.

उद्या घणसोलीला जावं लागणार. दुसरा मार्ग नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

काल धीर झाला नाही. आज गेलो.

पुतळाचं घर गावठाणात. खाली ती, वर तीन मजले भाड्याच्या खोल्या, पलीकडे टॉवर. ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "खोली खाली नाय."

मी म्हणालो, "पुतळा, मी."

बघतच राहिली. "भावजी! रस्ता चुकलाव?"

"ग्रीसची वही हवी होती. मुक्तानं लिहिलंय तुझ्याकडे आहे."

"कसली वही? ताई दर बुधवारी यायची. मी सुकट निवडायची, ती ग्रीस सांगायची. आदी मना सांगून बघायची. मना कललं तर समद्यांना कलेल, बोलायची."

"मग तुला आठवतंय?"

"चौथी शिकलेली हाय. येडी नाय!"

आणि सुरू झाली. मी ओट्याच्या कडेवर बसून लिहून घेतलं. असं –

"ही माजी भिंत. त्यो टॉवर. मदी गल्ली. माजा जिना तीन फूट भायेर हाय. सा फूट करायचा हक हाय माजा, पन करीत नाय. टॉवरवाला बोलतो, केलास तर बग! म्हनून तीनच. पंचवीस वर्सं शांतता! तसंच ग्रीसचं. समुद्रात सा मैल धरलाय. बारा धरायचा हक हाय बोलतो. तुर्काच्या सभेनं ठराव केला – बारा केलंस तर लडाई. म्हनून साच. दोगंबी आपापल्या घरात बोलतात, आमीच जितलो!"

वहीत सहा मैल, बारा मैल, १९९५ चा ठराव हे सगळं आहे. पण मला ते आज समजलं!

मग म्हणाली, "आन त्या टिकलीएवड्या बेटावरची मानसं भाजी आनायला कुटं जातात? समोर! तुर्काच्या गावात. होडीनं. वर झेंडा ग्रीसचा, पिशवीत टमाटे तुर्काचे. कोन लडंल?"

निघताना विचारलं – तूच येऊन बोलशील का?

"त्या मास्तर लोकांत? नाय." जरा थांबून, "पयलं तुमी बोलायचं. अर्द्यात गप झालाव तर मी उटून जाईन."

म्हणजे येते!

तेराव्याचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही. तो खडक तसाच ठेवला.

बुधवार, २१ जानेवारी

पुतळा तेराव्यानंतर पहिल्यांदा घरी आली. डब्यात जवळ्याची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या. मुक्ताच्या फोटोसमोर उभी राहिली, मग स्वयंपाकघरात गेली. माझा चहा प्यायली – "ह्यो चा हाय? ताई कशी राहिली वो हिथं!"

फ्रिजसमोर उभं राहून सराव केला. मी सुरुवात केली, "तुर्कस्तान हा ग्रीसचा शत्रू..."

"थांबा! ताई कदी शत्रू नाय बोलली. शेजारी बोलायची. शेजाऱ्याला शत्रू बोल्लं की गोष्टच संपली."

वही बघितली. खरंच – अकरा पानांत शत्रू शब्द एकदाही नाही.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर साहेबांना सांगितलं, आम्ही दोघं बोलणार. साहेबांचा चेहरा पडला. "वक्ता मंडळाचा सदस्य पाहिजे. सदस्याला साठ पूर्ण पाहिजेत आणि पत्ता कामोठ्याचा. बाई घणसोलीच्या. वय काय त्यांचं?"

पुतळाला तिथूनच फोन लावला. स्पीकरवर! "माजा जलम कवा झाला ते माज्या आयेला पन ठाव नवतं. त्यांना बोला, साठ धरा."

धनाजी मध्ये पडला. "साहेब, एवढं भांडण असून नाटोनं दोघांना एकाच वर्षी आत घेतलं. तुम्हाला घणसोली जड जाते? सहयोगी सदस्य करा!"

साहेबांनी जिलेबी हातात धरून दोन मिनिटं विचार केला. "यापुरतं. रजिस्टरात तशी नोंद होईल."

धनाजीला नाटो माहीत कसं? म्हणाला, "तुम्ही आठवडाभर बाकावर बडबडताय, वामनराव. कान आहेत आम्हाला."

मी बडबडतोय?

शुक्रवार, ३० जानेवारी

वही चौदा वेळा वाचली.

शनिवार, ३१ जानेवारी

झालं!

मंडळाचं विरंगुळा केंद्र भरलं होतं. चाळीसेक माणसं. उज्वलाबाई सोसायटीतल्या बायका घेऊन आल्या. पुतळा हिरव्या नऊवारीत पहिल्या रांगेत, नथ घालून. मी उभा राहिलो आणि काहीच येईना. वही हातात, अक्षरं दिसतायत, आवाज नाही. पंखा तेवढा ऐकू येतोय. साहेबांनी घड्याळ बघितलं.

धनाजी मागून ओरडला, "ओ वामनराव, ग्रीसला बेटं किती ते तरी सांगा, मग बसा!"

"हजारो," मी म्हणालो. "माणसं राहतात अशी सव्वादोनशे." आणि मग पुढचं आपोआप आलं. सायप्रस आलं, १९७४ ला त्याचे दोन तुकडे झाले ते आलं, तिथली अजून न पुसलेली रेघ आली. जगातल्या मालवाहू जहाजांत सगळ्यात मोठा वाटा ग्रीक मालकांचा, म्हणून तांबड्या समुद्रात गोळी सुटली की झोप त्यांची उडते, हे आलं. त्यांच्या जहाजांवर आपल्याकडची किती मुलं आहेत ते सांगितल्यावर मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "माझा नातू आहे!" सभा तिकडे वळली, त्यांना टाळ्या!

बारा मिनिटं बोललो. मी! मग मुक्ताचा प्रश्न वाचला – लढाई होत का नाही? – आणि पुतळाकडे बघितलं.

ती माइकपाशी आलीच नाही. जागेवरूनच. जिना, टॉवर, टमाटे. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी! मग ती शेवटाकडे आली. ते तिनं मलाही सांगितलं नव्हतं, सरावात नेहमी "फुडचं मना येतं" म्हणून सोडायची.

"नव्यान्नव साली ऑगस्टमदी तुर्काची जमीन हलली. हजारो मानसं गेली. ढिगारा काढायला ग्रीसची मानसं धावली. तीन आटवड्यांनी ग्रीसची जमीन हलली. तुर्काची मानसं आली. ताई बोलायची, सरकारांच्या आदी मानसं गेली, मग सरकारांना लाज वाटली. भांडन मिटलं? नाय. समुद्र कोनाचा ते आजून तसंच हाय. पन ज्याच्या घरात मयत, त्याच्या दारात जायला नकाशा लागत नाय."

मग टाळ्या.

कुणीतरी विचारलंच, "पण पुढं युद्ध होणार का?" पुतळा म्हणाली, "मी भाड्याच्या खोल्या देते, भविष्य नाय सांगत."

साहेबांनी रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. "मुक्ताबाई – ग्रीस." पुढे हिरव्या पेनानं लिहिलं – "पूर्ण." सही केली. मला सहीखाली तारीख घालायला लावली. आकडे नीट आले.

पुतळाला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून काहीतरी म्हणणार होती. बस सुटली.

रविवार, १ फेब्रुवारी

सकाळी पुतळाचा फोन – "भावजी, ताईच्या छातीत दुखायचं. जूनच्या पयल्या बुधवारी मना बोल्ली. व्याख्यान होऊं दे, मंग दवाखान्यात जाते बोल्ली. तुमाला सांगायचं नाय, तुमी घाबराल, अशी शपथ घातली. मी गप ऱ्हायले. आन बोल तुमाला लावला."

मी खुर्चीत बसलो.

मला मुक्तानं त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सांगितलं होतं. शब्दाला शब्द तेच. व्याख्यान होऊ दे, मग जाऊ. पुतळाला सांगू नका, ती घाबरेल. मी वचन दिलं.

आमच्या दोघांशी वेगवेगळा गुप्त करार! आणि दोघांनीही तो आजपर्यंत पाळला.

पुतळाला सांगितलं. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज, आणि –

"ताई लय पोचलेली होती वो, भावजी!"