मुनीरने न सांगितलेलं आडनाव

देरा, दुबई
फेब्रुवारी १९६४

आदरणीय खैरुद्दीनभाई यांस धाकट्या बहिणीचा, हाफिजाचा सलाम.

“आजपासून हा नाखवा नाही.” सख्ख्या भावाच्या, मुनीरच्या निकाहाच्या दिवशी ओटीवर उभं राहून तुम्ही हे म्हणालात, त्याला अकरा वर्षं झाली. तुम्ही विसरलाही असाल. (विसरला नसाल. कलमाला दहा वर्षांपूर्वी किती आंबे धरले होते तेही तुम्ही विसरत नाही.) ते वाक्य आज का आठवलं ते पुढे येईलच. आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. शहनाझभाभींना सांगा, तेल चोळताना ओरडणारा माणूस बरा होत असतो, घाबरू नका. आम्ही इथे ठीक. पाणी अजून गाढवावरून येतं, आणि गाढव रुसलं की तुमचे मेहुणे हारुन अंघोळीशिवाय गोदामात जातात.

मी एका मडमेचे झगे शिवते, मिसेस फ्लेचर नावाची. बाईला वेड एकच : तिच्या माहेरच्या गावात सहा-सातशे वर्षांपूर्वी लोकांना आडनावं कशी पडली. माप घेताना सरळ म्हणून उभी राहत नाही, हात हलवून मोडक्या हिंदीत सांगत असते. फ्लेचर म्हणजे बाण करणारा. (साहेबांना पेन्सिलीला टोक काढता येत नाही, हे तीच म्हणाली.) पिंपं करणारा तो कूपर, विहिरीपाशी राहणारा तो अ‍ॅटवेल, जॉनचा मुलगा तो जॉन्सन. एकाचं आडनाव ड्रिंकवॉटर, म्हणजे पाणीपिते. तो दारू पीत नव्हता म्हणून पडलं, की फार पीत होता म्हणून लोकांनी चिडवून ठेवलं, ते तिलाही नक्की सांगता येत नाही. आणि मार्शल, जे ऐकून आपण उठून उभे राहू, ते मूळचं घोड्यांच्या मोतद्दाराचं. मी हे घरी येऊन सांगितलं तर हारुन म्हणाले, त्या गावात जन्मली असतीस तर तुझं आडनाव ‘ऐका-ना’ पडलं असतं.

मग तिने आपलं विचारलं. मी मान ताठ करून सांगितलं, आम्ही नाखवा, गलबतांचे मालक, कप्तान. मासे धरणाऱ्यांच्या घरात आम्ही सोयरीक करत नाही, असंही सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुम्हीपण होडीवालेच ना, फक्त होडी मोठी? माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या मी तिच्या झग्याला कमरेपाशी एकेक करून टोचल्या, गरजेपेक्षा दोन जास्तच.

त्याच आठवड्यात आपल्या गावचा नूरुद्दीन सुतार निरोप घेऊन आला की मुनीर इथल्या दवाखान्यात आहे. तो कुवेतला आहे अशीच माझी समजूत होती. मी आणि हारुन तसेच धावत गेलो. दारातल्या कंपाउंडरला मी मुनीर नाखवा कुठे म्हणून विचारलं. इथे गलबताच्या कप्तानाला नाखुदा म्हणतात. मी कुणा कप्तानाला शोधते आहे असं समजून त्या भल्या माणसाने आम्हाला एकामागून एक तीन कप्तानांच्या पुढे नेऊन उभं केलं. एकाचा पाय मोडलेला, दुसऱ्याचा जबडा सुजलेला, आणि तिसरा धडधाकट, तो दुसऱ्याला भेटायला आला होता. त्याने आम्हाला कहवा पाजल्याशिवाय सोडलं नाही. (मी डोळे पुशीत कहवा प्याले. नाही म्हणणं इथे वाईट दिसतं.)

मुनीर अगदी शेवटच्या खाटेवर होता. या मुलखात माणसाचं नाव, बापाचं, आजोबाचं, की खलास, आडनाव कुणी मागत नाही. त्याच्या खाटेवर लिहिलं होतं, मुनीर युसुफ गनी. मी त्याला ओळखलं ते कपाळावरच्या जुन्या खोकेच्या व्रणावरून, बाकी ओळखण्यासारखं फार उरलेलं नाही. मी रागावले, आडनाव का नाही सांगितलंस रे, आम्ही सगळा दवाखाना पालथा घातला. त्याने खोकला आवरला आणि म्हणाला, “भाई नको म्हणाले होते ना.”

भाई, त्यात टोमणा नव्हता. लहानपणी तुम्ही विहिरीवर वाकू नको म्हणालात की तो कठड्यापासून दोन हात लांब उभा राहायचा, तसंच हे. अकरा वर्षं त्याने कुठेच ते आडनाव सांगितलेलं नाही, कुवेतलासुद्धा. तुमचा शब्द आपल्या घरात इतका कुणीच पाळला नाही. मी तर नाहीच. (भाभींचं त्यांना विचारा.)

डॉक्टर म्हणतात, दोन्ही फुप्फुसं गेली, आता घरी न्या. महिनाअखेरच्या आगबोटीने तो निघेल. हारुन मुंबईपर्यंत बरोबर येणार आहेत. तिथून तो थेट बायकोकडे, जहांआराकडे, तिच्या मासे धरणाऱ्या बापाच्या झोपडीत जाईल. तुमच्या ओटीसमोरून जाणार नाही, खाडीच्या अंगाने जाईन, असं तो आपणहून म्हणाला.

मी मिसेस फ्लेचरला विचारलं, तुमच्या त्या गावात कुणाचं आडनाव काढून घेतल्याचं ठाऊक आहे का. झग्याची एक बाही हातात चढवलेली, दुसरी लोंबत, अशी ती माझ्याकडे वळली. म्हणाली, घरच्यांनी काढून काय होतं, गावाने हाक मारायचं थांबवायला हवं. आपल्या गावात तर अजून त्याला नाखवांचा मुनीर म्हणतात, नूरुद्दीन सांगत होता.

माझं मागणं काही नाही. तुम्ही वडीलधारे, तुम्हाला कळतं. सर्वांना सलाम.

तुमची
हाफिजा

ता. क. हारुनबरोबर मुंबईपर्यंत, पुढे गावच्या कुणाच्या हाती, खजूर आणि भाभींसाठी झग्याच्या कापडाचा उरलेला तुकडा पाठवते आहे. पोलक्याला पुरेल, फक्त बाह्या आखूड कराव्या लागतील.

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. अम्मीच्या कबरीशेजारी तुम्ही चार दगड मांडून स्वतःसाठी जागा राखली आहे. ती मुनीरला द्या. त्याने मागितलेली नाही, मी मागते आहे. तुम्ही नाही म्हणाल हे धरूनच लिहिते आहे. पण ते ‘नाही’ मला पत्राने कळवा, मुनीरला सांगू नका. तो तुमचं ऐकतो.