मॉर्निंग गेट फोरचा नाताळ

३० नोव्हेंबर, रविवार
नाताळचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर. आमच्या चौघांच्या गाण्याच्या चौकडीचं, 'मॉर्निंग गेट फोर'चं, हे बावन्नावं वर्ष, आणि ल्युशसशिवाय पहिलं. मार्चमध्ये त्याला पुरलं. खर्जवाला गेला म्हणून चौकडी संपत नाही. मुख्य आवाज माझा, आणि तो त्र्याहत्तराव्या वर्षीही खणखणीत आहे. आज चर्चमध्ये एकटा गायलो, तर मागून चार-पाच बायका ओरडल्या, सावकाश बाबा, सावकाश! देवा, याला मदत कर! एवढी दाद तरण्याताठ्यांना मिळत नाही.
संकल्प : बर्फाचं पाणी बंद. तळलेला मासा बंद.

२ डिसेंबर
तालीम. रॉस्को म्हणाला, या नाताळला अब्रू गेली तर चौकडी बंद, मी घरी बसून नातवंडं सांभाळतो. हा आमचा दुसरा आवाज, तोंडाचा फटकळ. तिसरा होसिया झोपला होता. नवा खर्ज वेंडेल, वय एकसष्ट, म्हणजे पोरच.
आम्हांला वाद्य लागत नाही. खर्जवाला गुणगुणून पट्टी देतो, बाकीचे तिथून उचलतात. वेंडेलला बजावलं, शहात्तर सालच्या आमच्या रेकॉर्डवर आहे तीच पट्टी हवी, केसभरही खाली नको. काही बदललेलं नाही हे आमच्या बेसेमर गावाला कळू दे. त्याने रेकॉर्ड ऐकून बरोब्बर तीच दिली. पहिल्याच ओळीला माझा घसा बसला. परागकणांची ॲलर्जी.
मासा खाल्ला. बायकोने, आयडेलाने, तळून ठेवलेला, टाकायचा कसा?

६ डिसेंबर, सकाळ
आयडेला म्हणते, डिसेंबरात कसले परागकण. बायकोने सगळ्यातच अक्कल पाजळू नये.
दाढी करताना कुणीतरी गुणगुणलं. ल्युशस. डाव्या कानाशी, जिथे तो पन्नास वर्षं उभा राहायचा. वस्तरा खाली ठेवला. फ्रिज असेल. पण फ्रिज घराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

१३ डिसेंबर
तालीम. वेंडेलने पट्टी दिली आणि त्याच क्षणी डाव्या कानात ल्युशसने दुसरी दिली, बरीच खालची. बाकी कुणाला ऐकू आली नाही. मेलेला माणूस खाली बोलावतो त्याचा अर्थ काय, हे आजीने लहानपणीच सांगून ठेवलंय. मुळीच जाणार नाही. मुद्दाम वरची धरली. आवाज फाटला. हीटरमुळे हवा कोरडी होते. रॉस्को म्हणाला, हीटर महिनाभरापासून बंद पडलाय, ब्रदर.
संकल्प : डाव्या कानात कापूस.

१८ डिसेंबर
कापूस घातला. आता आतून ऐकू येतं.
थडग्यावर जाऊन आलो. म्हटलं, ल्युशस, मला अजून कार्यक्रम करायचाय, हाका मारू नकोस. मग उगाचच तासभर तिथेच उभा राहिलो. फार आठवण येते त्याची. हे कुणाला सांगणार नाही.

२१ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी सात
झाला कार्यक्रम. चर्च खच्चून भरलेलं. वेंडेलची पट्टी उजवीकडून, ल्युशसची डावीकडून. मी वरची धरली. दुसऱ्या कडव्यात आवाज गेला तो गेलाच. तोंड उघडं आणि आत काही नाही. रॉस्कोने ओळ उचलली म्हणून निभावलं.
नंतर चर्चच्या तळघरात जेवण. ल्युशसची बायको व्हर्नेल वाढायला होती. पालेभाजी माझ्या ताटात घालता घालता म्हणाली, ब्रदर क्लिओ, एवढ्या वर कशाला चढलात? म्हटलं, सिस्टर, ती आमची नेहमीची पट्टी. ती म्हणाली, कसली नेहमीची! ल्युशस दर नाताळला तुमच्यासाठी ती आणखी थोडी खाली आणायचा. वीस वर्षं आणली. मला म्हणायचा, क्लिओला बोलू नकोस हं, कळलं तर गाणंच सोडून देईल येडा.
ताट तिच्याच हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसलो. रडलो.

२७ डिसेंबर
कापूस काढून सहा दिवस झाले. काही ऐकू येत नाही. काल तर फ्रिजसुद्धा बंद करून बसलो.
तालीम. रॉस्को आला, नातवंडांचा विषय काढला नाही. मी वेंडेलला म्हटलं, पट्टी खाली घे. तो म्हणाला, घेतो की ब्रदर क्लिओ, किती खाली?
ते फक्त ल्युशसला माहीत होतं.